अंशात घासाघीस नाही

बारामतीत चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या त्या गृहस्थांनी तेवीस वर्षांत मला एकदाही माझ्या नावाने हाक मारली नाही. त्यांच्या लेखी मी ‘एकशे साठ’ होते. दुकानाची पायरी चढले की आतून आवाज यायचा, “या, एकशे साठ. बसा. रस्ता खाली बसू द्या.” बाकावर टेकलेल्या नव्या गिऱ्हाइकांना वाटायचं, हा टोकनचा नंबर असणार. आपल्या आधी एकशे साठ माणसं आहेत, या समजुतीने एखादा म्हातारा निमूटपणे पिशवी उचलून निघूनसुद्धा जायचा.

तो टोकनचा नंबर नव्हता, माझ्या उजव्या डोळ्याचा अक्ष होता. लांबचं न दिसणं वेगळं आणि तिरकस नंबर वेगळा. माझ्या डोळ्यांना दोन्ही होतं. तिरकस नंबराला चष्मेवाले सिलिंडर म्हणतात. हा सिलिंडर काचेत नुसता असून भागत नाही, तो ठरावीक कोनात बसावा लागतो. त्या कोनाला अक्ष म्हणतात. काकांना (सगळे त्यांना काकाच म्हणत) माणसांची नावं लक्षात राहत नसत, पण एकदा तपासलेला अक्ष ते जन्मात विसरत नसत. हाक मारायची ती उजव्या डोळ्याच्या अक्षाने. डाव्याचं काय, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “ते घरच्यांनी वापरायचं नाव.”

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. “नंबर म्हणजे किती, अक्ष म्हणजे कुठे. किती, ते सगळे विचारतात. कुठे, ते कुणी विचारत नाही.”

मला त्यांचं गुणगान करायचं नाही, हे आधीच सांगते. माझी त्यांच्यावर एक तक्रार आहे आणि ती अजून मिटलेली नाही. मी डाळिंबाच्या बागा घेणारी बाई. इंदापूरच्या एसटी स्टँडवर पाटी घेऊन बसण्यापासून सुरुवात केली. आज बावड्याला माझं स्वतःचं पॅकिंग शेड आहे. झाडावरचा माल नजरेने जोखायचा, बागवाल्याशी भाव ठरवायचा, पटलं नाही तर उठून गाडीत बसायचं आणि त्याने हाक मारली की कुरकुरत खाली उतरायचं, हे माझं काम. माझा आवाज चढतो, तेही मला ठाऊक आहे. पण ज्याच्याशी भांडते त्याच्याशी मिटवूनच उठते. या एका माणसाशी ते कधी जमलं नाही.

चौथीत असताना वडील मला पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन गेले. पोरगी फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवते, असं गुरुजींनी सांगितलं होतं. वडिलांना वाटलं, पाच मिनिटांचं काम. काकांनी मला बाकावर बसवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि स्वतः दुसऱ्याच कुणाच्या चष्म्याचा स्क्रू पिळत बसले. अर्धा तास गेला.

“अवो काका, पोरगी झोपली की,” वडील म्हणाले. “तपासनार कवा?”

“बावड्याहून आलात ना?”

“व्हय.”

“मग तेवढा रस्ता अजून तिच्या डोळ्यात आहे. तो खाली बसू द्या.”

मग त्यांनी माझ्या डोळ्यापुढे एक भिंग धरलं आणि दारातून बाहेर बघायला लावलं. अक्षरांचा तक्ता त्यांच्याकडे होता, पण तो पाठ करून येणारी पोरं त्यांनी पाहिली होती. “रस्त्यापलीकडे विजेचा खांब आहे, दिसतो?”

“दिसतो.”

“आणि तारा?”

“न्हाईत.”

“खांब आहे आणि तारा नाहीत? मग बारामतीला वीज कुठून येते?”

मला राग आला. “मला काय म्हाईत? तुमी बघा की बाहेर जाऊन,” मी म्हणाले. वडिलांनी डोळे वटारले. काका मात्र खूश होऊन हसले, भिंगापुढे आणखी एक काच धरली आणि ती हळूहळू फिरवू लागले. काच फिरता फिरता एका जागी आली आणि खांबावर एकाएकी चार तारा उमटल्या, कुणीतरी सुई-दोऱ्याने ओवल्यासारख्या. मी श्वास रोखला असणार, कारण त्यांचा हात तिथेच थांबला. “एकशे साठ,” ते म्हणाले. त्या दिवसापासून माझं तेच नाव.

रस्त्यात दिसलेल्या अनोळखी माणसाचा चष्मा सरळ नसेल तर त्यांना चैन पडत नसे. समोर जायचं, “एक मिनिट हं,” म्हणत त्याच्या नाकावरून चष्मा उतरवायचा, उजेडाकडे धरायचा, दांडी वाकवायची, परत चढवायचा आणि चालू लागायचं. छोटा स्क्रूड्रायव्हर गळ्यात दोऱ्याला बांधलेला असायचा. एमआयडीसीत कामाला असलेल्या एका मुलाच्या लग्नात ते अक्षता टाकायला म्हणून स्टेजवर चढले आणि नवरदेवाचा चष्माच काढून घेतला. करवल्या ओरडल्या, नवरीचा मामा बाह्या सरसावून पुढे आला. काका शांतपणे म्हणाले, “चार अंश घसरलाय. हिला आयुष्यभर तिरकी बघणार का हा?” नवरी खुदकन हसली म्हणून निभावलं.

त्यांचे स्वतःचे डोळे साफ होते. ना लांबचा नंबर, ना तिरकस. चाळिशी उलटल्यावर वाचायला साधा चष्मा लागला तेवढाच. याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं. “माझ्या डोळ्यात बघण्यासारखं काही नाही हो,” असं ते एखाद्याने आपल्याला मूलबाळ नाही असं सांगावं तशा आवाजात सांगायचे. दुकानाच्या मागच्या खोलीत काच घासायचं जुनं यंत्र होतं. तयार काचा पेटीतून येऊ लागल्यावर बारामतीतल्या बाकीच्यांनी ती यंत्रं मोडीत काढली. काका मात्र अवघड सिलिंडर स्वतः घासत. बोटांच्या पेरांत काच चकाकवायची तांबडी पूड कायमची बसलेली असायची.

आणि घासाघीस? ती त्यांच्याकडे चालतच नसे. ते किंमत एकदाच सांगायचे, तीही हळू आवाजात. गिऱ्हाइकाने कमी करा म्हटलं की एखादी काच पुसायला घ्यायचे आणि बहिरे व्हायचे. मी धंद्यात पडल्यावर पहिली जिद्द धरली ती या माणसाकडून काहीतरी सोडवून घ्यायची. मी गप्प बसून राहिले. बागवाला फार तर पाच मिनिटं गप्प राहू शकतो, हे मला माहीत होतं. काकांनी अर्धा तास काच पुसली. शेवटी मीच बोलले, “काहीतरी तर कमी करा की, काका!”

“करतो,” ते म्हणाले. “अंशात किती कमी करू, सांग.”

बागेत चष्मा लावून फिरणं म्हणजे काय, हे चष्मा नसलेल्याला कळायचं नाही. घाम आला की तो नाकावरून घसरतो, आणि माझा चष्मा घसरला की आख्खी बाग वाकडी व्हायची. जाड काचेमागे माझे डोळे हरभऱ्याएवढे दिसत. बागवाले पाठीमागे ‘ढापणी’ म्हणत, आणि पाठीमागे म्हणजे मला ऐकू येईल एवढ्याच अंतरावर. म्हणून मी लेन्स घालायला लागले, त्या थोड्या कडक असतात तसल्या. दिसायचं उत्तम. पण सुप्याच्या बाजूला उन्हाळ्यात जी धूळ उडते, तिच्यात त्या लेन्स म्हणजे डोळ्यात खडा.

एकदा तिकडच्याच एका बागेत सौदा रंगात आला असताना मी डोळा चोळला आणि उजवी लेन्स मातीत पडली. बागेतली दहा-बारा माणसं झाडाखाली वाकून शोधू लागली. बागवाला तेवढ्यात म्हणाला, “बाई, शोधू द्या त्यांना, आपलं बोलणं मिटवू.” मी एका डोळ्याने फळं बघितली आणि हो म्हणाले. तोडणी सुरू झाली तेव्हा कळलं, पलीकडच्या आठ ओळींत फळांवर तेल्या रोगाचे काळे डाग होते. सगळ्या इंदापूर तालुक्यात ही गोष्ट चवीने सांगितली गेली.

त्या वर्षी मी ठरवलं, डोळ्यांचं कायमचं काहीतरी करायचं.

पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी माझे डोळे चार यंत्रांवर तपासले आणि लेझर होणार नाही म्हणाल्या. नंबर फार मोठा आणि डोळ्याच्या पुढची काच, कॉर्निया, पातळ. तेवढं घासायला तिथे मालच नव्हता. पण दुसरा उपाय होता. डोळ्याच्या आतच एक लेन्स बसवायची. रंगीत पडद्याच्या मागे आणि आपल्या जन्मजात भिंगाच्या पुढे. आपलं भिंग तसंच राहतं, काही कापून काढत नाहीत, आणि पुढेमागे गरज पडली तर बसवलेली लेन्स बाहेर काढता येते. लांबचा नंबर आणि तिरकस नंबर दोन्ही तिच्यातच घातलेले. ती तुमच्या डोळ्याच्या मापाने परदेशातून बनून येते.

“तुमच्या डोळ्यात तिला पुरेल एवढी जागा आहे,” त्या म्हणाल्या. “आता शेवटची मापं घ्यायची. त्याआधी महिनाभर लेन्स घालायच्या नाहीत. चष्मा वापरायचा.”

“महिना?” मी म्हणाले. “डॉक्टर, माझा सीझन आहे. पंधरा दिवस करा.”

“कडक लेन्सने कॉर्निया दबतो. तो मूळ आकाराला यायला वेळ लागतो.”

“बरं, तुमचंही नको, माझंही नको. वीस दिवस.”

त्या हसल्या. “ताई, मी कमी केले तरी तुमचा डोळा करणार नाही.”

मी महिना कबूल केला. घरी आले, चष्मा चढवला, दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी बावड्यातल्याच एका बागेत माल बघायला जायचं होतं, आणि तेल्याची गोष्ट तिथल्या पोराटोरांना ठाऊक होती. सकाळी आरशासमोर उभी राहिले आणि लेन्स घातल्या. मग रोजच घातल्या. मोजणीला जाताना आदल्या दिवशी काढल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “महिना झाला ना पूर्ण?” मी म्हणाले, “पूर्ण.” जुन्या चष्म्याच्या नंबराचा कागद मागितला, तर हरवला म्हणून सांगितलं. धंद्यात आपण कितीवर उतरू शकतो ते कुणी खरं सांगतं का? मला ते त्यातलंच वाटलं.

मोजणीचा कागद हातात पडला तशी पुण्याहून परतताना मी बारामतीला उतरले, काकांना तो दाखवायला. खरं सांगायचं तर टोचायलाच. तेवीस वर्षांत ज्याने एक रुपया सोडला नाही, त्याला आता माझी गरज आहे आणि मला त्याची नाही, हे मला त्यांच्या तोंडावर बघायचं होतं.

“काका, चष्मा सुटणार माझा,” मी म्हणाले. “डोळ्याच्या आत लेन्स बसणार.”

ते चिडतील असं वाटलं होतं. त्यांनी हातातलं काम खाली ठेवलं, स्टूल ओढून माझ्यासमोर बसले आणि प्रश्नच प्रश्न. ती टेकते कशावर? भिंगाला चिकटते का? नाही? मग मध्ये किती फट राहते? डोळा चोळला तर फिरते का? आणि सिलिंडर तिच्यात घातलेला असेल तर ती कुठल्या कोनात ठेवायची, हे आत हात घालून कसं ठरवतात? मी जेवढं ऐकलं होतं तेवढं सांगितलं. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला डोळ्याची आकृती काढली, खोडली, परत काढली. “म्हणजे चष्माच की हा,” ते पुटपुटले. “नाक नसलेला.”

मग मी कागद पुढे केला. त्यांनी तो वाचला आणि मान वर केली.

“हे कुणाचं आहे?”

“माझंच. नाव बघा की वर.”

“नावाचं मला सांगू नकोस. इथं एकशे अठ्ठ्याहत्तर लिहिलंय. तू एकशे साठ.”

“त्यांची यंत्रं आहेत काका, लाखा-लाखाची. तुमचं ते काच फिरवणं…”

“लेन्स कधी काढल्यास?”

“महिना झाला.”

“खोटं.”

हा शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारत नाही. मी उभी राहिले. काय काय बोलले ते सगळं आता आठवत नाही; तुमचं गिऱ्हाईक जातंय म्हणून पोटात दुखतंय, एवढं नक्की म्हणाले. माझं संपल्यावर म्हणाले, “अठरा अंश. तीस अंश चुकला तर सिलिंडर घातला काय आणि न घातला काय, सारखंच. अठराला निम्म्याहून जास्त गेला. तो डोळ्याच्या आत असणार. तुझ्या नाकावर असता तर मी रस्त्यात सरळ केला असता. उद्या फोन करून सांग त्यांना.”

“नाही सांगणार,” मी म्हणाले आणि पायऱ्या उतरले. कागद काउंटरवरच राहिला, हे भिगवणच्या पुढे गेल्यावर लक्षात आलं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मी सुप्याकडे होते. त्याच बागेत, जिथं मला तेल्याने गाठलं होतं. या वेळी माल चोख होता आणि मला तो हवाच होता, कारण ती बाग परत घेऊन दाखवल्याशिवाय तालुक्याची तोंडं बंद झाली नसती. बागवाला तात्या बांधावर बसला होता, बाजूला भाऊबंद. दोन तासांच्या ओढाताणीनंतर आम्ही अगदी जवळ आलो होतो. दोन्ही हातांत फळं होती, म्हणून फोन वाजला तेव्हा कोपराने स्पीकर दाबला.

डॉक्टरीणबाईंचा आवाज बांधावर पसरला. “ताई, तुमचे वडील येऊन गेले आज. सकाळपासून बाहेर बसून होते. तुम्ही लेन्स काढल्याच नव्हत्या ना? मला खोटं का सांगितलंत? मी लेन्सची ऑर्डर थांबवलीय.”

माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. ज्या माणसाने दुकान कधी आडवारी बंद ठेवलं नाही, तो तीन तास एसटीत बसून माझा कागद घेऊन पुण्याला गेला होता. आधी फोन केला, तर कुणी डॉक्टरांना जोडून देईना, म्हणून. वाट बघता बघता त्यांनी तिथल्या सगळ्या पेशंटांचे चष्मे सरळ करून दिले, हे पुढे डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं.

तेव्हा यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. मी तात्याकडे बघत होते आणि तात्या माझ्याकडे.

“ह्यी बाई डाक्टरशी खोटं बोलती,” तो भावाला म्हणाला. “सोताच्या डोळ्याचं. मग आमच्या मालाचं काय करंल?”

“तात्या, ते येगळं हाय…”

“न्हाय न्हाय. येगळं काय न्हाय. जावा तुमी.”

मी गाडीत जाऊन बसले. कुणी हाक मारली नाही.

ती बाग त्या वर्षी दुसऱ्याने नेली. माझ्या धंद्यात कागद नसतो, माझा शब्द असतो, आणि तो त्या दिवशी बांधावर सगळ्यांदेखत पडला. माझी तक्रार ही आहे. काकांनी मला आणखी दोन दिवस द्यायला हवे होते. मीच फोन केला असता. केला असता की नाही, हे आता कुणालाच कळणार नाही, आणि ते कळण्याची संधी त्यांनी मला दिली नाही.

रागारागात मी लेन्सची डबी शेडमधल्या कपाटात कोंबली आणि महिनाभर चष्मा लावून हिंडले. ढापणी तर ढापणी. महिन्याने पुण्यात पुन्हा मोजणी झाली. यंत्रातून निघालेल्या कागदावर उजव्या डोळ्यासमोर एकशे एकसष्ट छापलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “ते गृहस्थ एकशे साठ सांगत होते. यंत्राशिवाय?” मी म्हणाले, “विजेच्या तारांवर.” त्यांना ते कळलं नाही आणि मीही समजावत बसले नाही. आठवडाभराने पुन्हा मोजलं, तेव्हा बरोबर एकशे साठ आलं.

लेन्स आली. ऑपरेशनच्या आधी मला ताठ बसवून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शाईचे बारीक ठिपके दिले. का, म्हणून विचारलं, तर कळलं की माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत किंचित वळतो. बसलेल्या माणसाचा अक्ष निजलेल्या माणसाला लावला तर चुकतो. हे ऐकल्याबरोबर हे काकांना सांगायला हवं, असं मनात आलं आणि मग स्वतःचाच राग आला. टेबलावर पडले तेव्हा थेंब घालून डोळा बधिर केला होता. वर नुसता उजेड होता. त्या उजेडात काहीतरी गुंडाळी केलेलं आत सरकलं, पाण्यात पान उलगडावं तसं उलगडलं, आणि डॉक्टरीणबाई कुणाला तरी म्हणाल्या, “थोडी डावीकडे. अजून किंचित. बस.” दुखलं काहीच नाही. सोमवारी एक डोळा, गुरुवारी दुसरा.

शुक्रवारी सकाळी जाग आली आणि सवयीने उशाशी चष्मा चाचपला. मग लक्षात आलं की समोरच्या भिंतीवरची पाल मला दिसतेय. तिच्या पायाची बोटं दिसत होती. आयुष्यात कुठल्या पालीकडे मी एवढा वेळ बघत बसले नसेन. रात्री दिव्यांभोवती बारीक कडी दिसायची. तीही पुढे विरत गेली.

पंधरा दिवसांनी तपासणी झाली. बाहुली मोठी करायचं औषध घातल्यामुळे काळा गॉगल लावला होता. परत येताना बारामतीला उतरले आणि तशीच दुकानात गेले. या वेळी मी तयारीनिशी गेले होते. बांधावर काय झालं, तात्या काय म्हणाला, सगळं क्रमाने सांगितलं. काका ऐकत होते, पण त्यांचं लक्ष माझ्या गॉगलवर होतं.

“औषध घातलंय का डोळ्यात?”

“माझं बोलणं चाललंय.”

“बाहुली मोठी आहे आत्ता?”

एका बंद पडलेल्या दवाखान्यातून आणलेला एक जुना स्लिट लॅम्प दुकानाच्या कोपऱ्यात कापडाखाली असायचा. त्यात हनुवटी टेकवली की उजेडाच्या बारीक फटीतून डोळ्याच्या आतलं दिसतं. त्यांनी त्यावरचं कापड काढलंसुद्धा होतं. “त्या लेन्सवर खुणा असतात म्हणे,” ते म्हणाले. “बारीक रेघा. अक्ष कळायला. पाच मिनिटं बसतेस?”

तेवीस वर्षांत पहिल्यांदा त्या माणसाला माझ्याकडून काहीतरी हवं होतं. मी खुर्ची मागे सरकवली.

“आधी माफी,” मी म्हणाले. “तीही चार माणसांसमोर. मला चार माणसांसमोर खाली बघायला लावलंत तुम्ही.”

काच पुसायला घेतील, बहिरे होतील, अशी माझी खात्री होती. ते दुकानाबाहेर गेले, शेजारच्या शिंप्याला, समोरच्या रसवाल्याला आणि दोन येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाताला धरून आत घेऊन आले, आणि हात जोडून एका दमात म्हणाले, “मी या बाईंची माफी मागतो. बसा, एकशे साठ, हनुवटी ठेवा.”

मी हनुवटी ठेवली. दुसरं काय करणार? शब्द दिला होता.

त्यांनी उजवा डोळा बघितला, मग डावा, मग परत उजवा. शिंपी कंटाळून निघून गेला. शेवटी अगदी हळू विचारलं, “कुणी घासली असेल गं ही?”

“मशिनवर होतं काका सगळं.”

“असेल. पण मशिनला कुणीतरी सांगितलं असेल ना, कुठे ते.”

घरी जाताना लक्षात आलं की मी फसले. जी माफी एवढ्या झटक्यात मिळाली, ती काय कामाची? त्यांनी बांधावरच्या माझ्या शब्दाची माफी मागितलीच नव्हती. बघायला मिळावं म्हणून माझी अट पुरी केली होती. म्हणून पुढच्या तपासणीनंतर परत गेले आणि परत मागितली. त्यांनी परत माणसं गोळा केली, परत हात जोडले आणि परत दिवा लावला. तिसऱ्या वेळी मी सरळ विचारलं, “तुमचं चुकलं, असं म्हणा.” तर म्हणाले, “माफी हवी तेवढी घे. चूक कुठं आहे ती दाखव.” सुप्याच्या तात्याने पुढच्या सीझनला स्वतःहून फोन करून मला बोलावलं, हे मी त्यांना मुद्दामच सांगितलं नाही.

आता ते दुकान नाही. काका मुलीकडे लांब राहायला गेले. ते जाणार असं कानावर आलं, त्याच आठवड्यात माझी वर्षाची तपासणी होती. डॉक्टरीणबाईंनी डोळे बघितले आणि म्हणाल्या, “सगळं छान आहे. आज बाहुली मोठी करायची गरज नाही.”

“असू दे,” मी म्हणाले. “घाला औषध. मला बारामतीत एक माफी घ्यायचीय.”